झाकली मूठ आणि हळदीचे पेटंट



मध्यंतरी आपल्या मंडळाच्या विद्यार्थी गटासाठी पुंगोलला एका शनिवारी दुपारी छोटासा वर्ग घेतला. विषय जरा रूक्षच होता : संशोधन करणाऱ्या मुलांसाठी पेटंटची तोंडओळख. पॉलिटेक्निकमधली काही मुले, विद्यापीठातली काही, पीएच.डी. करणारे तिघे, आणि मुलांना सोडायला म्हणून आलेले पण पोह्यांच्या वासाने थांबलेले पालक असे वीस-बावीस जण जमले होते. मागच्या खुर्चीवर नातीबरोबर आलेल्या एक आजी बसल्या होत्या. तासभर त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "अगं, हे सगळं ठीक आहे. पण आपल्या हळदीचं पेटंट अमेरिकेनं घेतलं होतं ना, ते परत आलं की नाही?"

सगळे हसले. मी मात्र अडखळले. कारण आजींच्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते, आणि खरे सांगायचे तर तासभर मी जे सांगितले होते त्याचे सार त्या एका प्रश्नात आले होते. "मग लिहूनच द्या," असे संपादकांनी फर्मावले, म्हणून हा लेखप्रपंच. सुरुवातीलाच सांगते, मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे, वकील नाही. प्रत्यक्ष अर्ज करायची वेळ आली तर जाणकाराचा सल्ला घ्यावा. पण जाणकाराकडे कधी जायचे, हे कळण्यापुरते तरी शहाणपण प्रत्येक संशोधकाजवळ हवे. ते नसले की काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. ती गोष्ट ओघाने येईलच.

शब्दापासून सुरुवात

आपण मराठीत 'पेटंट' हा शब्द गमतीने वापरतो. एखाद्या काकांचा 'पेटंट विनोद' असतो, आईची 'पेटंट आमटी' असते. म्हणजे जे फक्त त्यांचेच, दुसऱ्याला न जमणारे. सरकारी मराठीत त्याला 'एकस्व' असा नेटका शब्द आहे. गंमत अशी की मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'उघडे' असा आहे. राजाने सील न करता, सर्वांनी वाचावे म्हणून दिलेले उघडे पत्र. आईच्या आमटीचे गुपित आई कोणालाच सांगत नाही. पेटंट घेणाऱ्याला मात्र सगळे गुपित लिहून द्यावे लागते. त्या बदल्यात सरकार म्हणते, तुझ्या परवानगीशिवाय हे दुसऱ्या कोणाला ठराविक वर्षे करता, विकता येणार नाही. आज जवळजवळ सगळीकडे ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. मुदत संपली की ती युक्ती साऱ्या जगाची. असा हा सौदा आहे. व्हेनिसमध्ये १४७४ साली तो प्रथम रीतसर कायद्यात आला.

हिंदुस्थानात पहिला असा कायदा १८५६ साली झाला. त्या वर्षी ३ मार्चला कलकत्त्याचे इंजिनिअर जॉर्ज अल्फ्रेड डिपेनिंग यांनी पहिला अर्ज केला. कशासाठी? तर पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. साहेबाला वारा घालणाऱ्या पंखेवाल्याच्या हाताला पर्याय! पुढच्याच वर्षी तो कायदा राणीच्या मंजुरीवाचून केला होता म्हणून रद्द झाला आणि १८५९ मध्ये नव्याने आला. त्यानंतर १९११ चा कायदा दीर्घकाळ टिकला.

एक मराठी संशोधक

या काळातले एक मराठी नाव आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे. शंकर आबाजी भिसे. जन्म १८६७, मुंबई. इंग्लंडमधल्या एका नियतकालिकाने किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्रासाठी स्पर्धा लावली होती, ती या मुंबईकराने जिंकली. एकोणिसावे शतक संपता संपता ते लंडनला गेले. दादाभाई नौरोजींचे पाठबळ त्यांना मिळाले. छापखान्याचे खिळे झपाट्याने ओतणारे 'भिसोटाइप' हे यंत्र त्यांनी तयार केले, त्यासाठी सर रतन टाटा यांनी पैसा घातला. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. 'हिंदुस्थानचे एडिसन' असे त्यांना म्हटले जाई.

भिशांच्या नावावर पेटंटे होती, यंत्र चांगले होते, तरी भिसोटाइपने बाजार जिंकला नाही. आयोडीनवर आधारलेल्या त्यांच्या एका औषधानेच पुढे त्यांना हात दिला. वर्गात मुलांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगितली. 'पी हळद आणि हो गोरी' या थाटात आज पेटंट, उद्या बंगला, असा अनेकांचा समज असतो. पेटंट म्हणजे पैसा नव्हे. दुसऱ्याला अडवण्याचा तो हक्क आहे. अडवण्याजोगे कोणी यायचे तर आधी त्या वस्तूला गिऱ्हाईक हवे.

वाचायला शिकलो, लिहायला नाही

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे प्रश्न पडला की परकीय कंपन्यांची पेटंटे असलेली महाग औषधे गरीब देशाने कशी परवडवायची. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली या विषयावर अहवाल दिला. त्यातून १९७० चा पेटंट कायदा आला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यात औषध, अन्न आणि रासायनिक पदार्थ यांच्या बाबतीत पदार्थाचे पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीचे मिळे. औषधांसाठी तर मुदतही तुटपुंजी होती : मंजुरीपासून पाच वर्षे किंवा अर्जापासून सात, यातले जे कमी ते.

हा कायदा रसायनशास्त्रज्ञांना फार मानवला. तोच रेणू, पण वेगळ्या वाटेने बनवायचा. मुंबई-पुण्याच्या औषध कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत एक अख्खी पिढी परदेशी पेटंटे बारकाईने वाचायला शिकली, कुठून वळसा घालता येईल ते शोधायला शिकली. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ साली आफ्रिकेतल्या एड्सच्या रुग्णांसाठी तीन औषधांचा डोस दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी दरात देऊ केला, त्यामागे हीच परंपरा होती. तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे.

पण एक गोष्ट राहून गेली. आपण दुसऱ्याची पेटंटे वाचायला शिकलो, स्वतःची लिहायला शिकलो नाही. विद्यापीठात तर तो विषयच नव्हता. निबंध छापून यावा, नाव व्हावे, एवढीच प्राध्यापकांची इच्छा. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली, तिच्या करारावर भारताने सही केली, आणि १ जानेवारी २००५ पासून औषधांच्या पदार्थांनाही पेटंट देणे बंधनकारक होणार हे ठरून गेले. परीक्षा दहा वर्षांवर आली होती आणि पुस्तक उघडलेले नव्हते.

हळदीची हकीकत

अशा वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या, महासंचालकपदी डॉ. रघुनाथ माशेलकर आले. साल तेच, १९९५. गोव्यातल्या माशेल गावी जन्म, वडील लहानपणीच गेलेले, आईने मुंबईत कष्टाने वाढवलेले, माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे म्हणजे एनसीएलचे १९८९ पासून संचालक असलेले हे गृहस्थ. एनसीएलमध्ये असतानाच त्यांनी शास्त्रज्ञांच्या मागे पेटंटचा धोशा लावला होता. पॉलिकार्बोनेट प्लास्टिक बनवण्याच्या एका पद्धतीवर एनसीएलने अमेरिकेत पेटंट घेतले, तेव्हा जनरल इलेक्ट्रिकसारखी कंपनी या प्रयोगशाळेशी संशोधनाचा करार करायला आली. नुसता निबंध छापायचा नाही. आधी पेटंट, मग प्रसिद्धी, मग भरभराट, असा त्यांचा क्रम होता.

त्याच वर्षी २८ मार्चला अमेरिकेत ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंट मंजूर झाले होते. विषय : जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग. ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे होते आणि त्यातल्या दोन्ही संशोधकांची नावे भारतीय होती. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेने 'हळद' घेतली नव्हती. आमटीत हळद घालायला कोणाची परवानगी लागणार नव्हती. हळदीची पूड जखमेवर लावून किंवा पोटात देऊन जखम बरी करणे, या उपयोगावर तो हक्क होता. पण गुडघा फुटला की आईने हळद दाबलेली कोणाला आठवत नाही? आपल्या दृष्टीने तेवढेच पुरे होते.

प्रश्न असा की आई-आजीला ठाऊक असलेली गोष्ट पेटंट कचेरीला नवी कशी वाटली? त्याचे कारण त्यावेळच्या अमेरिकी कायद्यात होते. एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना ठाऊक असेल किंवा वापरात असेल, तर ती नवी नाही. अमेरिकेबाहेर नुसती वापरात असेल, तर ते जमेस धरत नसत. बाहेरचे जमेस धरायचे तर ते छापलेले हवे. कोट्यवधी आयांच्या हाताला लागलेली हळद पुरावा नव्हती. छापील कागद पुरावा होता. हा नियम अमेरिकेने पुढे बदलला, पण नवा कायदा लागू व्हायला १६ मार्च २०१३ उजाडावे लागले.

माशेलकरांनी भाषणबाजी न करता कागद गोळा करायला लावले. ऑक्टोबर १९९६ मध्ये सीएसआयआरने पेटंटची फेरतपासणी मागितली आणि सोबत ३२ संदर्भ जोडले. त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ होते, काही शंभर वर्षांहून जुने. 'जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन'मध्ये १९५३ साली आलेला निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकी कचेरीने पेटंटमधले दावे फेटाळले आणि एप्रिल १९९८ मध्ये ते प्रकरण कायमचे मिटले. विकसनशील देशाच्या पारंपरिक ज्ञानासाठी असे पेटंट रद्द करून घेण्याचा हा पहिलाच गाजलेला खटला.

म्हणून आजींना माझे उत्तर असे : आजी, ते पेटंट परत आले नाही, रद्द झाले. आपल्याकडे आले असते तर भारताने जगाकडून हळदीचे पैसे मागितले असते. तसे होणेच नव्हते. आता तो उपयोग कोणाचाच नाही, म्हणजे सगळ्यांचा आहे. तुम्ही नातीच्या गुडघ्याला हळद लावा, शेजारच्या चिनी आजींनाही सांगा.

या झटापटीतून सरकारला धडा मिळाला. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा एक प्रचंड संगणकीय ग्रंथसंग्रह तयार होऊ लागला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत मांडायची, म्हणजे परदेशातल्या तपासनिसाला 'हे आम्हाला दिसलेच नाही' असे म्हणता येऊ नये. युरोपच्या पेटंट कचेरीला २००९ पासून तो पाहता येतो.

माझा कागद

आता माझी गोष्ट. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी पाण्यात काम करणारा एक उत्प्रेरक माझ्या हाती लागला. एका औषधाच्या मधल्या टप्प्यावर नेहमी वापरतात ते विषारी द्रावक त्यामुळे टाळता येत होते. आनंदाच्या भरात मी एका परिषदेत पोस्टर लावले, सारांश-पुस्तिकेत सगळी कृती छापून दिली, बक्षीसही मिळाले. आईने पेढे वाटले. सोळा महिन्यांनी एका कारखान्यातले गृहस्थ भेटायला आले. त्यांचा पहिलाच प्रश्न, "पेटंट केलंय ना?" सर आणि मी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. चौकशी केली तर कळले की आता उशीर झाला. माझ्या कामाला नवेपणा उरला नव्हता आणि तो घालवणारा पुरावा म्हणजे मीच छापून दिलेली ती पुस्तिका. गृहस्थ चहा पिऊन गेले, पुन्हा आले नाहीत.

हळदीला ज्या जातीच्या कागदाने वाचवले, त्याच जातीच्या कागदाने माझे पेटंट बुडवले. छापील कागदाला आपपर नसते. ही एकच गोष्ट मुलांच्या मनावर ठसावी म्हणून मी हा वर्ग घेते. आपल्याकडे म्हण आहेच, झाकली मूठ सव्वा लाखाची. पेटंटमध्ये मूठ उघडायचीच असते, पण पहिल्यांदा पेटंट कचेरीच्या खिडकीत. नंतर पोस्टर, निबंध, भाषण, मित्रांना सांगणे, काय वाटेल ते.

याउलट उदाहरण आपल्या सिंगापूरचेच आहे. ट्रेक या कंपनीच्या 'थम्बड्राइव्ह'चा पेटंट अर्ज फेब्रुवारी २००० मध्ये आधी दाखल झाला आणि मग जर्मनीतल्या मोठ्या प्रदर्शनात ती वस्तू लोकांपुढे आली. पुढे नक्कल करणाऱ्यांशी कज्जे झाले. २००५ च्या सुमारास इथल्या न्यायालयांत कंपनीची सरशी झाली, पण ब्रिटनमध्ये मात्र २००८ मध्ये तेच पेटंट रद्द ठरले. एकाच वस्तूचा दोन देशांत दोन निकाल! पेटंट हे देशागणिक असते, 'जागतिक पेटंट' अशी वस्तू नाही, हेही त्यातून कळते.

सिंगापूरची पाटी

इथे नवीन आलेल्यांना आश्चर्य वाटेल, पण १९९५ पर्यंत सिंगापूरला स्वतःची पेटंट पद्धत नव्हती. १९३७ च्या कायद्यानुसार ब्रिटनमध्ये पेटंट घ्यायचे आणि मग त्याची नोंद इथे करायची. सिंगापूरचा स्वतःचा कायदा २३ फेब्रुवारी १९९५ रोजी लागू झाला आणि त्याच दिवशी हा देश आंतरराष्ट्रीय पेटंट सहकार्य करारातही आला. म्हणजे हळदीचे पेटंट, जागतिक व्यापार संघटना आणि सिंगापूरचा कायदा, सगळे एकाच सालातले. २००१ मध्ये बौद्धिक संपदा कार्यालयाला आजचे स्वरूप आले, २००३ मध्ये शिकवण्यासाठी वेगळी अकादमी निघाली. कायदा आणि शिकवणी यांच्यात इथे फार वर्षे गेली नाहीत. आणि आता तर २०२४ पासून सिंगापूर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा नवा परिसर आपल्या पुंगोललाच सुरू झाला आहे. उद्या आपली मुले घरून चालत प्रयोगशाळेत जाणार आहेत.

भारतातही शिकवण्याचे काम सुरू आहे. नागपूरला केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथे पेटंट तपासनिसांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांचे वर्ग होतात. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने दहा लाख विद्यार्थ्यांना या विषयाची ओळख करून देण्याची मोहीम काढली आणि ठरलेल्या मुदतीच्या आत, जुलै २०२२ अखेर, तो आकडा गाठल्याचे जाहीर केले. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सूट मिळते. आणखी एक योजना मला विशेष भावते. संसारामुळे संशोधन सुटलेल्या शास्त्रज्ञ स्त्रियांना वर्षभर पेटंटच्या कामाचे शिक्षण द्यायचे, ही केंद्राच्या विज्ञान खात्याची योजना २००२-०३ च्या सुमारास निघाली आणि त्यातून अनेकजणी या व्यवसायात स्थिरावल्या. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आलेल्या, एम.एस्सी. किंवा पीएच.डी. होऊन घरी बसलेल्या आपल्या किती मैत्रिणी आहेत! पेटंटचा शोध घेणे, मसुदा वाचणे हे काम प्रयोगशाळेशिवाय करता येते, एवढे त्यांना सुचवावेसे वाटते.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२३-२४ या एका वर्षात भारतात ९२ हजारांहून अधिक पेटंट अर्ज आले आणि एक लाखाहून अधिक मंजूर झाले. आकडे ऐकून छाती फुगते. मात्र २०१६ मध्येच सीएसआयआरचे त्यावेळचे महासंचालक डॉ. गिरीश साहनी यांनी आपल्या प्रयोगशाळांना बजावले होते की बरीचशी पेटंटे नुसती बायोडेटा सजवण्यासाठी घेतलेली आहेत आणि त्यांपायी सरकारचा पैसा जातो आहे. ज्या संस्थेने हळदीची लढाई जिंकली, तिच्याच प्रमुखाचे हे बोल. आधी आपण लिहीतच नव्हतो. आता काहीही लिहू लागलो. शिकवण्यात दोन्ही गोष्टी यायला हव्यात : अर्ज कधी करायचा, आणि कधी करायचा नाही.

वर्गात आम्ही काय शिकलो

ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात देते.

पहिले, तीन कसोट्या. गोष्ट नवी हवी. त्या विषयातल्या सामान्य जाणकाराला सहज सुचेल अशी नको. आणि तिचा प्रत्यक्ष उपयोग व्हायला हवा. यातली दुसरी सर्वांत अवघड.

दुसरे, आधी शोध घ्या. जगभरच्या पेटंटांचे साठे इंटरनेटवर फुकट पाहता येतात. अर्ज झाल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. दोन संध्याकाळी शोधण्यात घालवल्या तर दोन वर्षांचे श्रम वाचू शकतात.

तिसरे, दाव्याची भाषा. हे समजावायला आम्ही उकडीच्या मोदकाच्या साच्याचे उदाहरण घेतले. समजा, कळी न मोडता मोदक सुटेल असा साचा तुम्ही केला. "मोदकाचा कोणताही साचा माझा" असा दावा केला तर बाजारात आधीच असलेला साचा दाखवून तपासनीस तो फेटाळेल. "अकरा पाकळ्यांचा, निळा, प्लास्टिकचा साचा माझा" असा केला तर शेजारीण बारा पाकळ्यांचा हिरवा साचा करील आणि तुम्ही बघत बसाल. नेमके नवे काय, बिजागरी की आतला लेप, ते ओळखून तेवढ्याला कुंपण घालायचे. मुलांनी या साच्यावर अर्धा तास वाद घातला. दुपारचा सर्वांत रंगलेला भाग तोच.

चौथे, वही. पाने क्रमांक घातलेली, शाईने लिहिलेली, रोजची तारीख आणि जमल्यास साक्षीदाराची सही. आता सगळीकडे आधी अर्ज करणाऱ्याला हक्क मिळतो. तरी शोध कोणाचा, नाव कोणाचे, असा वाद आला की वहीच बोलते.

पाचवे, सवलतीच्या भरवशावर राहू नका. सिंगापूरमध्ये ३० ऑक्टोबर २०१७ पासून संशोधकाने स्वतः गोष्ट जाहीर केली तरी बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. अमेरिकेतही बारा महिने आहेत. पण युरोपात अशी सवलत जवळजवळ नाही आणि भारतात ती अगदी मोजक्या प्रसंगांपुरती आहे. इथे चालले म्हणून तिथे चालेल असे नाही.

सहावे, आपल्यासारख्या दोन देशांत पाय असलेल्यांसाठी फार महत्त्वाचे. सिंगापूरमध्ये राहणाऱ्याने पहिला अर्ज थेट परदेशात करायचा तर आधी इथल्या निबंधकाची परवानगी लागते. भारतात राहणाऱ्यालाही तसाच नियम आहे. "पुण्यातल्या मावसभावाकडून तिकडे स्वस्तात करून घेऊ" असे मनात आले तर आधी हा नियम वाचा, कारण तो मोडणे हा गुन्हा ठरू शकतो.

सातवे, सही करण्यापूर्वी वाचा. नोकरीत कामाचा भाग म्हणून लागलेला शोध इथल्या कायद्याने सहसा मालकाचा असतो. विद्यार्थ्याचा शोध कोणाचा, हे विद्यापीठाच्या नियमांवर आणि तुम्ही पहिल्या दिवशी घाईत सही केलेल्या कागदावर अवलंबून असते.

वर्ग संपल्यावर पीएच.डी. करणारा एक मुलगा थांबला. "ताई, पुढच्या आठवड्यात माझं पोस्टर आहे," तो हळूच म्हणाला. मी विचारले, "सरांना विचारलंस?" तो म्हणाला, "पेटंटचं कधी बोलणंच झालं नाही." त्याला म्हटले, सोमवारी सकाळी पहिल्यांदा सरांकडे जा, दोघे मिळून विद्यापीठाच्या पेटंट विभागाकडे जा, आणि तोवर पोस्टर छापायला टाकू नकोस. पुढे त्याचा निरोप आला की विभागाने आधी अर्ज करायचे ठरवले आणि पोस्टरमधून कृतीचा भाग तेवढा काढायला लावला. पेटंट मिळेल की नाही, त्याचा कधी उपयोग होईल की नाही, कोणास ठाऊक. पण निदान निर्णय समजून-उमजून झाला. माझ्या वेळी तो न कळत झाला होता.

आजी परवाच पुण्याला परत गेल्या. जाताना नातीला हळदीचा डबा आणि एक कोरी वही देऊन गेल्या असे कळले. "आमचं ज्ञान तोंडी होतं म्हणून एवढी यातायात झाली. तू लिहून ठेव," असे तिला म्हणाल्या म्हणे. वर्गात मी तासभर बोलले त्यापेक्षा हे बरे झाले.

पुढच्या वर्गाची तारीख सूचनांच्या पानावर दिली आहे. मुलांना पाठवा, स्वतःही या. पोहे असतीलच.